मुठीचा तांदूळ

आमच्या मंडळीत एक रीत आहे. मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि तिथली माणसं. रोज भाताला तांदूळ घेतला की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ बाजूला काढायची. ती मूठ देवाची. प्रत्येक घरात त्यासाठी एक डबा असतो. रविवारी तो उपासनेला न्यायचा आणि चर्चच्या मागच्या खोलीतल्या ड्रममध्ये ओतायचा. आमचे आजे-पणजे नगरकडचे, ते बाजरीची मूठ काढायचे. पोरं गिरण्यांत आली आणि बाजरीचा तांदूळ झाला. मूठ तीच राहिली.

ड्रममधला तांदूळ पिशव्यांत भरून ज्याच्या घरी अडचण आहे त्याला देतात. कुणी दवाखान्यात असतो, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी बाई एकटी पडलेली असते. कुणाच्या घरी पिशवी गेली हे मंडळीत बोलायचं नाही, असा नियम आहे. सगळ्यांना माहीत असतं ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरी मूठ काढायची ती माझी बायको. तिचं एक पक्कं होतं. कोठीतनं मूठ काढायची नाही. आधी घरातल्या माणसांपुरता तांदूळ ताटात मापून घ्यायचा आणि मग त्या मापलेल्यातली मूठ काढायची. म्हणजे जेवणाऱ्याला तेवढं कमी.

मी म्हणायचो, "अगं, कोठी भरलीय. तिच्यातनं काढ की. आमच्या पोटातनं कशाला?"

"कोठीतला दिला तर कोठीनं दिला. आपण काय दिलं?"

"मग तुझ्या वाटचा दे. माझी मूठ मला वाढ."

"अहो, आरशात बघा जरा. पोट पुढं, माणूस मागं. एका मुठीनं काय मरत नाही तुम्ही."

मी डिलाईल रोडच्या चाळीत राहतो. इथंच लग्न झालं, इथंच मुलगी झाली, ती आता कल्याणला असते. चाळीत आमचं एकच घर ख्रिस्ती, बाकी सगळे कोकणातले. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडं आणि गणपतीत त्यांचे मोदक आमच्याकडं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. समोर गिरणी होती तिथं आता काचेची बिल्डिंग आहे. संध्याकाळी तिच्या काचांवरून ऊन आमच्या गॅलरीत येतं. आधी आमच्या बाजूला ऊन नव्हतं. हा एक फायदा झाला.

गिरणीत मी साचेखात्यात होतो, म्हणजे कापड विणायचं खातं. साच्यांच्या आवाजात माझे कान गेले आणि कापसाच्या धुळीनं खोकला लागला. दोन्ही अजून आहेत. बहिरा ठार नाही, पण हळू बोललेलं मला ऐकू येत नाही. बायको मोठ्यानं बोलायची. सगळ्या मजल्याला आमचा संसार पाठ होता.

जेवायच्या आधी प्रार्थना असते आमच्यात. ती पण तीच करायची. रोज तेच शब्द. "बापा, ताटात आहे ते तुझं आहे. आज जे उपाशी आहेत त्यांना विसरू नको, आणि आम्हाला त्यांना विसरू देऊ नको. येशूच्या नावानं मागते." मी म्हणायचो "आमेन" आणि घास घ्यायचो. माझा धर्म खरं सांगायचा तर एवढाच. ती मागायची आणि मी आमेन म्हणायचो. शाळा मी चौथीत सोडली. शास्त्र, म्हणजे बायबल, ती वाचायची आणि मी ऐकायचो, म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं. मला कधी वेगळी प्रार्थना करावी लागली नाही. कुणी सांगितलं असतं तर आलीही नसती.

ती गेली. साखरेनं आधी पाय धरले, मग डोळे, मग किडनी. शेवटी दवाखान्यातून घरी आली ती अॅम्ब्युलन्समध्येच. शिवडीला पुरली. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण आहेत, चांगले आहेत. कबरेपाशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "काका, प्रभूनं ताईंना आपल्या घरी नेलं."

मी म्हणालो, "का? आमचं घर काय गळत होतं?"

लोकांनी ऐकलं. दुःखात माणूस बोलतो, असं त्यांनी धरलं असणार. पण मी दुःखात नाही बोललो, मी विचारत होतो.

तेव्हापासून मी देवाशी बोलणं बंद केलं. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. आमच्या मजल्यावर दोन घरं कपडे वाळवायच्या दोरीवरून भांडली आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. घर बदललं नाही, दार बंद केलं नाही. एकाच नळाला पाणी भरायचे, मयताला खांदा द्यायचे, पण बोलणं नाही. काही सांगायचंच असेल तर भिंतीकडं बघून सांगायचे. माझं देवाशी तसं झालं. रविवारी उपासनेला जात होतो, कारण नाही गेलो तर लोक घरी येतात आणि त्याचा ताप जास्त. मागच्या बाकावर बसायचो. गीत सुरू झालं की पुस्तक उघडायचो, तोंड नाही.

आणि मूठ काढणं बंद केलं. डबा धुतला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. भात माझा मी करत होतो. मापलेला सगळा शिजवायचो, सगळा खायचो. प्रार्थना नाही, आमेन नाही. तू माझं घेतलंस ना, मग आता मूठ मिळणार नाही. हिशोब असा होता.

एका शनिवारी दुपारी पाळक आले. त्यांच्याबरोबर भगिनी मंडळाच्या बाई. या बाई दादरच्या एका शाळेत शिकवायच्या, आता रिटायर आहेत, वयानं माझ्याएवढ्या. माझ्या बायकोचं त्यांच्याशी जमायचं आणि भांडणही व्हायचं. बाईंच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवी बघितली आणि मला कळलं.

त्या पिशव्या माझ्या बायकोनं शिवलेल्या. हिंदमाताला कापडाच्या दुकानांत ताग्याचे उरलेले तुकडे वजनावर मिळायचे, ते ती आणायची. पडद्याचा तुकडा, ब्लाउजपीसचा तुकडा, सगळे जोडून पिशवी. टाके मोठे, पण सुटायचे नाहीत. ही पिशवी निळी होती आणि शिवणीच्या टोकाला पिवळ्या दोऱ्याची गाठ.

"सलाम, भाऊ," बाई म्हणाल्या आणि पिशवी ओट्यावर ठेवली. आमच्यात सलाम करतात.

"हे काय आहे?" मी विचारलं.

पाळक म्हणाले, "काका, मंडळीचं प्रेम आहे. नाही म्हणू नका."

"मला कशाला?"

बाई जरा मोठ्यानं बोलल्या, माझ्या कानाचं त्यांना माहीत होतं. "भाऊ, तुमचा डबा आला नाही किती महिने. ती असताना एक रविवार चुकला नाही. आम्हाला वाटलं, घरातच कमी असेल तर मूठ कुठनं काढणार माणूस. आधीच विचारायला पाहिजे होतं. चूक आमची."

त्यांनी बरोबर बघितलं होतं आणि साफ चुकीचं समजलं होतं. मी देवाला उपाशी ठेवत होतो आणि मंडळीला वाटलं मीच उपाशी आहे. आता मला दोन रस्ते होते. गप्प बसून पिशवी घ्यायची, म्हणजे उद्यापासून सगळ्या मंडळीत मी गरजू. नाहीतर खरं सांगायचं, म्हणजे उद्यापासून मी देवावर रुसलेला म्हातारा. भिकारी म्हणवून घेणं मला जमत नाही.

"तांदूळ आहे घरात," मी म्हणालो. कोठीचं झाकण उघडून दाखवलं. "हा बघा. मी मूठ काढत नाही. मुद्दाम काढत नाही. त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे."

"कुणाशी?" पाळकांनी विचारलं.

मी वर बोट दाखवलं. वरती जोशी-बिशी कुणी राहतात की काय असं वाटून त्यांनी छताकडं बघितलं. मग त्यांना कळलं. ते म्हणाले, "काका, शास्त्रात ईयोबानंसुद्धा देवाला जाब..."

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. मला वाटलं आता त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "बोलणं बंद आहे तर बंद ठेवा. आम्ही काय मध्यस्थ नाही. पण पिशवी परत जाणार नाही."

"का नाही? अडचण नाही मला. ज्याला आहे त्याला द्या."

"चर्चबाहेर पडलेली पिशवी परत ड्रममध्ये येत नाही. हा नियम तुमच्याच बायकोनं घातला. एका बाईनं मानापायी पिशवी परत पाठवली, मग बघून बघून सगळेच परत पाठवायला लागले. मुलं उपाशी आणि पिशव्या चर्चमध्ये. तेव्हा तिनं सांगितलं, दिली ती दिली. नको असेल तर घेणाऱ्यानं स्वतः पुढं द्यावी. म्हणून तुम्हीच द्या कुणालातरी. आणि चहा टाकता की जाऊ?"

मी चहा टाकला. पाळकांनी प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवले. बाईंनी पण एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडं बघितलं.

ते गेले आणि पिशवी घेऊन मी शेजारी गेलो. शेजारच्या वहिनी मालवणकडच्या, विधवा. त्यांच्या आणि आमच्या खोलीत मधे फळ्यांची भिंत आहे, वीट नाही. माझ्या बायकोची आणि त्यांची ऊठबस सख्ख्या बहिणीसारखी. मुलगा-सून कामाला जातात, वहिनी दिवसभर दारात बसून असतात. मी पिशवी त्यांच्यापुढं ठेवली.

"वहिनी, तांदूळ आहे. ठेवून घ्या."

त्यांनी पिशवीला हात लावला नाही. गाठीकडं बघितलं. "ही बायची पिशवी." माझ्या बायकोला त्या बाय म्हणायच्या. "माका नको. आमच्याकडे रेशनचो आसा."

"जास्तीचा होईल. घ्या की."

"भावोजी, ही पिशवी माझ्या घरात एकदा येऊन गेली. आमचे हे पडून होते तेव्हा. बायनं आणून दिली. मी काय तोंड वाकडा केलंय? शिजवलंय आणि खाल्लंय. आता तुमची पाळी. तुम्हीच खावा."

"मला गरज नाही."

"गरज नाय तर तोंड असा कित्याक झाला?"

मी पिशवी घेऊन घरी आलो. पाठीमागून त्या ओरडल्या, "आधी भिजत घाला! नायतर शिजूचो नाय!"

गिरण्यांच्या संपाच्या वेळी असा मुठीचा तांदूळ आमच्याकडं पण आला होता. तेव्हा पिशव्या नव्हत्या, वर्तमानपत्रात बांधून दिला होता. गिरणी बंद, मुलगी पाळण्यात. बायकोनं तो तांदूळ ताटात मापला आणि त्यातलीसुद्धा मूठ काढून डब्यात टाकली. मी भडकलो. भिकेतली भीक कुणी देतं का? ती म्हणाली, "मिळाला तेव्हा लोकांचा होता. मापला की आपला झाला." ते मला तेव्हा पटलं नाही. आता पटलं असं म्हणत नाही. आठवलं, एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेहून आलो आणि पिशवी उघडली. कोठीत तांदूळ होता, तरी ही उघडली. पिशवी ओट्यावर बसून माझ्याकडं बघत राहणार, त्यापेक्षा खाऊन संपवावी, असा विचार केला.

मुठीचा तांदूळ बघायचा असतो. विणकराची नजर आहे माझी, वेगळा धागा लगेच दिसतो. ताटात पसरला तर सगळी मंडळी तिथं बसलेली. बारीक कोलम, रेशनचा जाडा, पिवळट उकडा, एखाद्या घरचा जुना, एखाद्याचा नवा. मध्येच लांब बासमतीचे तुकडे. आमच्या मंडळीत बासमती खाणारं घर एकच आहे. नाव घ्यायचं नाही म्हणून घेत नाही, पण बासमतीचा तुकडा देतात, अख्खा नाही.

असा तांदूळ धड शिजत नाही. कोलमाचा गाळ होतो तोवर उकडा कच्चा. म्हणून आधी भिजत घालायचा. बायको हे पिशवी देतानाच सांगायची, हे मला वहिनींनी सांगितल्यावर आठवलं.

एका माणसापुरता मापला. धुवायला नेणार, तेवढ्यात हात आपोआप ताटात गेला. मी मूठ उचललेली होती. आता ही मूठ घेऊन उभा. परत टाकावी तर मापलेल्यात टाकायची, आणि तिच्याकडं तसं कधी झालं नव्हतं, काढलेली मूठ परत गेली नव्हती. डबा पालथा होता. सुलटा केला आणि टाकली. पत्र्यावर तांदूळ पडला त्याचा आवाज मला ऐकू आला. आवाज एवढा मोठा होता, का माझे कान अजून तेवढे चांगले आहेत, मला माहीत नाही.

देवाला दिली असं मी म्हणणार नाही. हातात होती, ठेवायला जागा पाहिजे होती.

भात झाला. ताट घेतलं. तेवढ्यात वहिनी वाटी घेऊन आल्या. बांगड्याचं तिखलं. वाटी ताटात ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"बसा की," मी म्हणालो.

"तुमचा होऊ दे आधी."

"काय व्हायचंय?"

"बाय करायची ता. प्रार्थना. मी नेहमी थांबायचंय, तिचा झाला की वाटी द्यायचंय. मधे जाऊ नये देवाच्या."

"मला येत नाही. तीच करायची."

"रोज ऐकून येत नाय?"

"आमेन येतं. पण ते कशाच्या मागं लावू?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. बांगड्याचा रस्सा हाताला लागला होता तो पदराला पुसला. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि माझ्या बायकोच्या शब्दांत, तिच्या नगरी हेलात, मोठ्यानं म्हणायला लागल्या. "बापा, ताटात आहे ते तुझं आहे. आज जे उपाशी आहेत त्यांना विसरू नको, आणि आम्हाला त्यांना विसरू देऊ नको. येशूच्या नावानं मागते."

एक शब्द चुकला नाही. फळीतून रोज, एवढी वर्षं ऐकलेलं. मी "आमेन" म्हणालो. निघालं तोंडातून. आणि सवयीनं घासाला हात घातला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "अजून आसा."

"अजून काय? एवढीच आहे."

"तुम्ही आमेन म्हणून जेवूक लागायचात. ती पुढं म्हणायची. हळू. तुम्हाला कुठनं ऐकू येणार." आणि वहिनी म्हणाल्या, या वेळी आवाज खाली आणून, पण मला ऐकू जाईल एवढाच, "आणि बापा, ह्यांचा खोकला बरा कर. आणि माझ्याआधी ह्यांना नेऊ नको, मला सोसायचं नाही. आमेन."

गॅलरीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मी हात ताटातनं काढला.

म्हणजे मी रोज तिच्या अर्ध्या प्रार्थनेला आमेन म्हणत होतो. उरलेली तिनं एकटीनं मागितली. आणि तिचं ऐकलं गेलं. खोकल्याचं नाही, ते दुसरं. कबरेपाशी मी जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर पाळकांकडं नव्हतं, शेजारणीकडं होतं. चांगलं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी उलटं मागितलं असतं. पण मी कधी काही मागितलंच नव्हतं. मागणाऱ्याला मिळालं.

"आता म्हणा," वहिनी म्हणाल्या.

मी परत आमेन म्हणालो. यावेळी शेवटाला.

त्या बसल्या. त्यांना पण थोडा भात वाढला. एक घास खाऊन म्हणाल्या, "दाणो कच्चो ऱ्हवलो. भिजत कमी घातलास." आणि मग स्वतःच हसल्या, कारण मला अरे-तुरे झालं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी डबा नेला. तळाशी होता थोडा. बाईंनी ड्रममध्ये ओतला, रिकाम्या डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "बोलणं सुरू झालं वाटतं."

"नाही," मी म्हणालो. "भिंतीकडं बघून चालू आहे."

"चालेल. त्याला सवय आहे."

निळी पिशवी धुवून परत दिली. पिवळी गाठ तशीच आहे, सुटली नाही.

आता भात माझा मी करतो. मापून घेतो आणि मापलेल्यातली मूठ काढतो. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी आहे, त्यामुळं भात खरोखर कमी पडतो. वहिनी रोज येत नाहीत. येतात त्या दिवशी प्रार्थना होते. इतर दिवशी मी काही म्हणत नाही, कारण म्हणायचं म्हटलं तरी अजून जमत नाही. फक्त ताट घेतल्यावर लगेच घास घेत नाही. तिचं हळूचं म्हणून होईल तेवढा वेळ थांबतो. भात निवतो. निवू दे.